डावं वल्हं

तीस वर्षांत येलदरी धरणाच्या पाण्यावर सूर्यभानची नाव कधी खडकाला लागली नव्हती. लागली ती लॅपटॉपवर. तीही घरच्या ओसरीत, चहाचा कप हातात घेऊन बसलेल्या दिनकररावांच्या देखत, आणि एकदा नाही, लागोपाठ तीनदा.

दिनकरराव म्हणजे मच्छीमार सोसायटीचे सचिव. धरणात जाळं टाकायचं तर त्यांच्या सहीचा पास लागतो. माणूस वाईट नाही, पण एकदा मत झालं की झालं, मग ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही. तिसऱ्यांदा नाव खडकावर चढली तसा त्यांनी कप खाली ठेवला. सूर्यभानच्या बायकोला, सुलाबाईला, बाजूला घेऊन हळू आवाजात, म्हणजे ओसरीत सगळ्यांना नीट ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात, ते म्हणाले, "वहिनी, हातापायाचं मी समजू शकतो. पण ह्याला डावं-उजवं राह्यलं न्हाई. दुखणं डोक्यात गेलंय. असा माणूस पाण्यात सोडला अन् काही झालं, तर जिम्मेदार कोण? रविवारी मीटिंग हाय. पास दुसऱ्याच्या नावावर करावा लागंल."

सूर्यभाननं ते ऐकलं. उजव्या हातानं आपला डावा हात उचलला आणि दुसऱ्या कुणाची तरी वस्तू ठेवावी तसा मांडीवर ठेवून दिला.

तो हात जानेवारीत गेला होता. जाळं धुता धुता लकवा मारला, डावं अंग एकाएकी लुळं पडलं. महिन्याभरात बोलणं परत आलं, पाय ओढत का होईना परत आला, पण हात मागं राहिला. जिंतूरला व्यायाम शिकवणाऱ्या राजेश्री मॅडम होत्या, त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. सूर्यभाननं तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी अंगणात फेकून दिला. "मी काय लेकरू हाय का, चेंडू खेळायला?"

मग सुकेशनीनं डोकं चालवलं. सुकेशनी सूर्यभानची एकुलती एक लेक. परभणीला कॉम्प्युटरची डिग्री करून आता घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. तिनं आठवडाभर खपून बापासाठी एक गेम तयार केला. वरून दिसणारं निळं पाणी, त्यात एक नाव, आणि समोरून येणारे खडक. सगळा कारभार फक्त दोन बटणांवर. जुन्या कीबोर्डची बाकीची बटणं उपटून टाकून उरलेल्या दोन बटणांवर तिनं लोणच्याच्या बरणीची झाकणं चिकटवली, म्हणजे लुळ्या हातालाही दाबता यावीत. डावं झाकण डाव्या हाताखाली, उजवं उजव्या. डावं दाबलं की नाव डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. इतकं सोपं, की त्यात चुकायला काही जागाच नव्हती.

आणि तरीही तिच्या अण्णांची नाव खडकावरच जायची. ते म्हणायचे, "नाव ऐकत न्हाई." ती म्हणायची, "होईल सवय." आता त्याच खेळानं अण्णांवर गेलेल्या डोक्याचा शिक्का मारला होता. बापाला उभं करायला म्हणून तिनं जे बनवलं, त्यानंच बापाला खाली बसवलं. दिनकररावांची मोटारसायकल गल्लीतून बाहेर पडेपर्यंत सुकेशनी ओसरीत तशीच उभी होती. तिला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त राग आला होता. दिनकररावांचा नाही, स्वतःचाच.

"माय," ती म्हणाली, "अण्णांच्या डोक्याला काही झालं न्हाई. चूक गेममधी हाय. मीच बनवलाय, मीच काढते."

"काढ," सुलाबाई म्हणाली, "पण रविवारच्या आत काढ."

तो मंगळवार होता.

कॉम्प्युटरच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण असं, की आधी वायर बघावी, मग अक्कल. सुकेशनीनं कीबोर्ड उलटा केला आणि खोलला. आतून बडीशेपेचे दाणे, दोन मेलेल्या मुंग्या आणि एक तुटकं नख निघालं. सगळं पुसून पुन्हा जोडलं. अण्णांना बसवलं. नाव खडकावर. मग ती जिंतूरला जाऊन मैत्रिणीकडून, महेश्वरीकडून, दुसरा कीबोर्ड घेऊन आली. महेश्वरीच्या वडिलांचं, गुरुसिद्धप्पांचं, तिथं मोबाइल आणि कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान आहे. पुन्हा झाकणं चिकटवली, पुन्हा अण्णांना बसवलं. कीबोर्ड नवा, खडक तेच.

बुधवारी तिचा संशय लॅपटॉपवर गेला. जुना लॅपटॉप, बटण दाबल्यापासून नाव वळेपर्यंत मध्ये क्षणभर वेळ जात असणार. अण्णांचा हात आधीच सावकाश, त्यात हा उशीर. तिनं पाण्याच्या लाटा काढून टाकल्या, ढगांच्या सावल्या काढल्या, सुलाबाईला आवडलेले काठावरचे दोन पांढरे बगळेही काढले. नाव चटकन वळायला लागली. म्हणजे काय झालं, तर पूर्वी जी खडकावर सावकाश जायची ती आता धावत जायला लागली.

"बगळे कुठं गेले गं?" सुलाबाईनं विचारलं.

"उडाले," सुकेशनी म्हणाली.

तिनं तोच गेम महेश्वरीकडे पाठवला. तासाभरानं महेश्वरीचा फोन. "अगं सुके, मस्त चालायलीय की नाव! मी एकदा पण न्हाई आपटले. अन् माझ्या आजीला दिला. आमच्या नागुबाईनं चष्मा न लावता धा खडक चुकवले. आता सोडंना गेली, दुपारची झोप पण न्हाई घेतली तिनं."

महेश्वरीनं हे कौतुकानं सांगितलं होतं, पण सुकेशनीनं फोन ठेवून बोटं मोजली. पंचाहत्तर वर्षांची नागुबाई, जिनं जन्मात धरण सोडा, विहिरीतही पाय घातला नसेल, तिला जमलं. दिवसभर मोबाइलवर गेम खेळणाऱ्या चुलतभाऊ भागवतला जमलं. तिला स्वतःला तर झोपेतही जमलं असतं. जमत नव्हतं ते फक्त अण्णांना. खेळ जर सगळ्यांच्या हातात नीट चालतो आणि एकाच्याच हातात बिघडतो, तर चूक खेळात कशी? दिनकररावांचं म्हणणं आता तिच्याही डोक्यात शिरू पाहत होतं, आणि ती त्याला दारातच अडवून धरत होती.

गुरुवारी सूर्यभाननं बसायला नकार दिला.

"ऱ्हाऊ दे सुके. मशीन कशाला खोटं बोलंल? तिला माझ्याशी काय दुश्मनी हाय? माझंच डोकं गेलं असंल."

हे ऐकून सुलाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "बास झालं तुझं. ठेव ते डबडं उचलून. माणूस रोज खडकावर आपटायलाय अन् तू रोज नवीन कीबोर्ड आणायलीस. पास गेला तर जाऊ दे, तुझी नोकरी हाय. निदान ह्यांना सुखानं बसू दे."

सुकेशनी बापापुढे खाली बसली. "अण्णा, मशीन खोटं बोलत न्हाई, हे खरं हाय. पण मशीनला बोलायला मी शिकवलंय. माझं चुकू शकतं. एकदाच बसा. चाळीस खडक. आपटू द्या, मी एक शब्द बोलणार न्हाई. मला फक्त बघायचंय तुमी काय करायलात ते."

"लेकीचा हट्ट हाय," सूर्यभान सुलाबाईकडे बघत म्हणाला, जणू परवानगी मागत होता. आणि बसला.

या वेळी सुकेशनीनं गेममध्ये एक नोंदवही घालून ठेवली होती. खडक कुठून आला, अण्णांनी कोणतं झाकण दाबलं, किती वेळानं दाबलं, सगळं आपोआप लिहिलं जाणार होतं. चाळीस खडक झाले. अण्णा उठून आत गेले. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन लिंबाखाली बसली आणि एकेक ओळ वाचायला लागली.

चाळीसपैकी अडतीस वेळा चुकीचं बटण.

डावीकडे खडक आला की अण्णांनी डावंच दाबलेलं. उजवीकडे आला की उजवंच. माणूस खडक चुकवत नव्हता, खडक शोधत होता. तिनं लॅपटॉप मिटला. मग तिला काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं तो पुन्हा उघडला.

अडतीस?

ज्याला डावं-उजवं कळत नाही, तो माणूस काय करील? पैसा उडवल्यासारखं करील. कधी छापा, कधी काटा. चाळीसात वीस वेळा तरी त्याचं आंधळेपणानंच बरोबर येईल. अडतीस वेळा चुकायला डावं-उजवं पक्कं माहीत असावं लागतं! हा गोंधळलेला माणूस नव्हता. हा माणूस दर वेळी एकच गोष्ट ठरवून करत होता, लुळ्या हातानंसुद्धा, उशिरा का होईना पण न चुकता. म्हणजे त्याच्या डोक्यात काही तरी नियम होता. तो नियम फक्त तिला माहीत नव्हता.

ती आत धावली. "अण्णा, डावीकडं खडक आला तर तुमी डावं कामून दाबता?"

सूर्यभाननं तिच्याकडे असं पाहिलं, जणू विचारतोय, डिग्री नक्की कशाची दिली हिला? "मंग काय उजवं दाबू? खडकावर जाईल की."

"पण डावं दाबलं तर नाव डावीकडं जाती!"

"ती तुझी नाव जाती. माझी कशाला जाईल?"

"कशी जाती तुमची?"

सूर्यभाननं सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तीस वर्षं जे हात करत आले ते तोंडाला कधी सांगावं लागलं नव्हतं. उजवा हात हवेत हलला, डाव्यानंही हलायचा प्रयत्न केला. "हे असं... हाताला ठाऊक असतंय ते, बाई. सांगता न्हाई येत."

सांगता येत नाही, तर बघायला हवं. आता एक गोष्ट सांगायची राहिली. कोळ्याचं काम करणाऱ्या बापाची ही लेक, पण ती आयुष्यात कधी नावेत बसली नव्हती. सूर्यभाननं बसूच दिलं नव्हतं. पोर लहान असताना काठाशी घुटमळली की तो ओरडायचा, "तू वल्ह्याला हात लावायचा न्हाई, पेन धर." अकराव्या वर्षी तिला परभणीला होस्टेलवर धाडलं ते पाण्यापासून लांब राहावी म्हणूनच. पोरीनं बापाचा शब्द पाळला. पेन धरलं, कीबोर्ड धरला, आणि बापासाठी नाव बनवली ती तिनं जशी खेळांमध्ये पाहिली होती तशी.

शुक्रवारी सकाळी भागवतला घेऊन ती काठावर गेली. सूर्यभानची नाव तीन महिने बाभळीखाली पालथी पडून होती. नाव म्हणायचं एवढंच, नाही तर थर्माकोलचे ठोकळे खताच्या गोण्यांत शिवून केलेला तराफा तो. त्यात पुढं तोंड करून मांडी घालून बसायचं आणि दोन हातांत दोन लाकडी फळ्या धरून पाणी मागं सारायचं. तीच वल्ही.

"दोरी मी धरतो," भागवत म्हणाला. "पर सुके, काकांना कळलं तर माझी खैर न्हाई."

"धर घट्ट."

तराफा डुगडुगला. सुकेशनीच्या पायाखालून पाणी गार लागलं आणि तिनं दोन्ही फळ्या घट्ट धरल्या. समोर उजव्या बाजूला, पाण्यातून एका वाळलेल्या बाभळीचं खोड वर आलं होतं. धरणाखाली गेलेल्या कुणाच्या तरी शेताच्या बांधावरचं असणार. तिनं ठरवलं, त्या खोडाकडे जायचं. उजवीकडे जायचं, म्हणून तिनं उजव्या हातातली फळी पाण्यात घातली आणि जोरानं मागं ओढली.

नाव डावीकडे वळली.

तिनं पुन्हा ओढली, आणखी जोरानं. नाव आणखी डावीकडे. खोड आता जवळजवळ पाठीमागं गेलं. काठावर भागवत खो खो हसायला लागला. "अगं येडे, उजवीकडं जायचं तर डावं मार! एवढं पण न्हाई ठाऊक?"

एवढंही ठाऊक नव्हतं. साऱ्या येलदरीला ठाऊक होतं, शेंबड्या पोराला ठाऊक होतं, फक्त सूर्यभानच्या शिकलेल्या लेकीला ठाऊक नव्हतं. सुकेशनी पाण्याच्या मध्यात, दोन्ही फळ्या मांडीवर घेऊन, आधी हसली आणि मग तिला रडू फुटलं. अण्णा खेळ खेळतच नव्हते. ते झाकणं दाबत नव्हते. ते रोज वल्हं मारत होते, तीस वर्षं मारलं तसंच, बरोब्बर. आणि तिची नाव त्यांना रोज खोटं पाडत होती.

"वढ दोरी!" ती ओरडली. "घरी चल, लय काम हाय!"

नुसती दोन बटणांची अदलाबदल केली असती तरी भागलं असतं, पाच मिनिटांचं काम. पण आता तिला अर्धवट काही नको होतं. शुक्रवारची दुपार आणि अख्खा शनिवार ती लॅपटॉपपुढून उठली नाही. आता बटण म्हणजे दिशा नव्हती, बटण म्हणजे वल्हं होतं. डावं मारलं की नाव थोडी पुढं सरून उजवीकडे वळणार, उजवं मारलं की डावीकडे, दोन्ही मिळून मारली की सरळ. क्षणभरच दाबलं की हलकं वळण. मध्ये मध्ये ती भागवतला बोलावून विचारायची, "थांबल्यावर किती घसरती रे?" भागवत हातानं दाखवायचा, आणि ती तेवढं घसरवायची. वेळ उरला तेव्हा तिनं बगळेही परत आणून बसवले.

रविवारी सकाळी मीटिंगला निघालेल्या दिनकररावांना तिनं गल्लीतच गाठलं. "काका, पास कुणाच्या पण नावावर करा, पण आधी पाच मिनटं आमच्या वसरीत बसा. अण्णांचं डोकं गेलं म्हणून तुमी सांगितलंत, ते माझ्या गेमवरून. त्या गेममधीच चूक होती, अन् ती माझी होती."

दिनकररावांनी घड्याळ बघितलं, पण आले. सूर्यभान यायला तयार नव्हता. सुलाबाईनं त्याला अक्षरशः दंडाला धरून आणून बसवलं. सुकेशनीनं त्याला काहीच समजावून सांगितलं नाही. फक्त झाकणं पुढं सरकवली आणि म्हणाली, "अण्णा, तुमची नाव आणलीय."

पहिला खडक उजवीकडून आला. सूर्यभानच्या उजव्या हातानं, त्याला न विचारताच, झाकण दाबलं. नाव डावीकडे सरली आणि खडक बाजूनं निघून गेला.

सूर्यभान थबकला. त्यानं लेकीकडे पाहिलं. तोवर दुसरा आला, तिसरा आला, आणि मग त्याला कुणाकडे बघायला फुरसत राहिली नाही. पाठ ताठ झाली. खांदे हलायला लागले, जणू खाली खरंच पाणी होतं. एका ठिकाणी दोन खडकांच्या मधून जेमतेम वाट होती, तिथं त्यानं उजवं एकदाच हलकं टेकवलं आणि नाव तिच्या तिच्या ओघानं आत घसरू दिली. भागवतच्या तोंडून "वा काका!" निघून गेलं.

शेवटचा खडक मोठा होता आणि डावीकडून येत होता. सगळ्यांना कळलं, आता डावं वल्हं मारायला हवं. तो हात झाकणावर होता, पण इतक्या खडकांनंतर दमून निपचित. खडक जवळ आला. सुलाबाईनं पदर तोंडात धरला. सुकेशनीला वाटलं आपणच पुढं होऊन दाबावं, पण तिनं स्वतःचे हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले. सूर्यभानच्या कपाळावरची शीर फुगली. डाव्या हाताची दोन बोटं वाकली. झाकण क्षणभरच दबलं. अर्धंच वळण मिळालं. नाव खडकाला घासते का काय असं वाटलं, आणि ती वीतभर अंतर ठेवून पलीकडे निघून गेली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुलाबाई रडत होती आणि ते लपवायच्या भानगडीतही पडली नव्हती.

दिनकरराव झाकणांजवळ सरकले. मग म्हणाले, "सरका बरं, मला बघू द्या." एके काळी तेही नाव चालवायचे, पण सचिव झाल्यापासून पंधरा वर्षं मोटारसायकलवरून उतरले नव्हते. ते ऐटीत बसले. डावीकडून खडक आला तसं त्यांनी उजवं झाकण खाडकन दाबलं, आणि सोसायटीचे सचिव पहिल्याच खडकावर गेले. दुसऱ्यांदाही गेले.

"दिनकरराव," सूर्यभान पहिल्यांदाच बोलला, "डावं-उजवं राह्यलं न्हाई वाटतं तुमाला."

ओसरी हसण्यानं भरून गेली. दिनकररावही हसले, पण मग उठून त्यांनी सूर्यभानच्या खांद्यावर हात ठेवला. "माझं चुकलं, सूर्यभाना. तुझ्या तोंडावर बोलायला नको होतं ते. पास तुझ्याच नावावर ऱ्हाईल. पण पाण्यात एकट्यानं न्हाई, डॉक्टर हौ म्हणेस्तोवर भागवतला संगं घ्यायचं. कबूल?"

"कबूल."

ते गेल्यावर सुकेशनी बापाशेजारी बसली. तिला बरंच काही बोलायचं होतं. "अण्णा, मला माफ करा. मला नाव चालवताच येत न्हाई. मी उगंच..."

"तुझा काय कसूर? मीच बसू दिलं न्हाई तुला." सूर्यभान मांडीवरच्या डाव्या हाताकडे बघत होता. "सुके, मला वाटलं होतं मी गेलो. खरंच वाटलं होतं. माझ्याच हाताचा भरवसा उठला होता बग." मग त्यानं पडद्यावरच्या स्थिर निळ्या पाण्याकडे मान हलवली आणि नाक मुरडलं. "पर ह्यात वारं कुठंय? बिनवाऱ्याचं कुठं धरण असतंय व्हय? खालतीकडून वारं सुटलं का माणसाची खरी परीक्षा असती."

"टाकते वारं," ती डोळे पुसत म्हणाली. "किती टाकू?"

"लय टाक."

ती लॅपटॉप ओढून घेणार तेवढ्यात सूर्यभान म्हणाला, "थांब, आधी एकदा हे पुना." आणि या वेळी उजव्या हातानं उचलून न ठेवता, मांडीवरचा डावा हात सावकाश, थरथरत, आपला आपणच झाकणाकडे निघाला. सुकेशनीनं तो पोहोचेपर्यंत वाट पाहिली.